कुत्रा नसताना कुत्र्याचं काम

मुलांनो, एक प्रश्न विचारते. खरं खरं उत्तर द्यायचं हं! "आपण कुत्रा पाळू या" असा हट्ट तुमच्यापैकी किती जणांनी घरी धरला आहे? करा बरं हात वर. अरे बाप रे, जवळजवळ सगळेच की! आता दुसरा प्रश्न. घरून "हो" असं उत्तर किती जणांना मिळालं? बघा, कसे भराभर हात खाली गेले!

आमच्या वर्गातही अगदी असंच झालं होतं. मी चाकणजवळच्या एका शाळेत शिकवते. शाळेच्या एका अंगाला कारखान्यांची निळी-पांढरी पत्र्याची छपरं, दुसऱ्या अंगाला कांद्याची वावरं आणि ऊस. मधल्या रस्त्यानं दिवसरात्र कंटेनर धावत असतात. गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीआधी मी सहावीला 'माझा आवडता प्राणी' हा निबंध घातला. नेहमीचेच निबंध आले. मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे (प्राणी विचारला होता, तरीही!), गाय आपल्याला दूध देते, वगैरे वगैरे. एक वही मात्र निराळी निघाली. तीत तीनच ओळी होत्या. 'माझा आवडता प्राणी कुत्रा. तो माझ्याकडे नाही. तो असता तर आमची चांदी आज जिवंत असती.'

चांदी ही त्याची शेळी. दुसऱ्याच महिन्यात विणार होती. श्रावणातल्या एका रात्री बिबट्यानं ती गोठ्यातून ओढून नेली. सकाळी उसाच्या कडेला तिच्या गळ्यातली घंटी सापडली, बाकी काही नाही.

मी त्याला विचारलं, "मग घरी विचारलंस का कुत्र्याचं?"

"रोज विचारतो बाई. आप्पा म्हणतात, न्हाई म्हंजे न्हाई."

खरं सांगू? मला स्वतःला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणी एकदा पिंडरीला चावा बसलाय. त्यामुळे आधी मी मनातल्या मनात आप्पांच्याच बाजूची होते! पण त्या तीन ओळी काही डोक्यातून जाईनात. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विषय काढला. कुत्रा 'काम' करतो म्हणजे नेमकं काय करतो?

मुलांनी लगेच पोलिसांचा कुत्रा सांगितला. बरोबरच आहे. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, त्यानंतरच्या दिवसांत 'जंजीर' नावाच्या एका लॅब्रॅडॉर कुत्र्यानं पोलिसांना ३,३२९ किलो आरडीएक्स आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले. किती माणसांचे जीव त्यानं वाचवले असतील याचा हिशेबच करता येत नाही. २००० साली तो वारला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. हे सगळं त्यानं केलं ते नाकाच्या जोरावर. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी असतात सुमारे पन्नास लाख, आणि कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्याही पुढे! आपल्याला स्वयंपाकघरातून नुसता 'आमटीचा वास' येतो. कुत्र्याला त्यातली मोहरी वेगळी, हिंग वेगळा आणि आमटी ढवळणारी आईसुद्धा वेगळी कळते.

मग मी त्यांना सुदुंबऱ्याचं सांगितलं. चाकणहून तळेगावकडे जाताना सुदुंबरे लागतं. संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी तिथे आहे. त्याच गावात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची पाचवी बटालियन असते. इमारत कोसळली, दरड आली, पूर आला की या दलाचे जवान धावून जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कुत्रेही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला, तेव्हा याच दलाच्या तुकड्या भारतातून तिकडे गेल्या होत्या. एका पडलेल्या इमारतीपाशी 'ज्युली' नावाची कुत्री थांबली आणि भुंकू लागली. खात्री करण्यासाठी मग 'रोमिओ'ला सोडलं. तोही तिथेच जाऊन भुंकला. ढिगारा उपसला, तर आत सहा वर्षांची एक मुलगी जिवंत होती!

वर्ग अगदी चिडीचूप झाला. आणि मग मागच्या बाकावरून आमचा तो गडी म्हणाला, "पण बाई, मला बॉम्ब न्हाई शोधायचा. मला शेळ्या राखायच्यात."

त्याचं अगदी खरं होतं. म्हणून मी त्याला एक काम दिलं. म्हटलं, "आप्पा 'नाही' म्हणतात ना? ते का म्हणतात, ते विचार. वाद घालायचा नाही, रडायचं नाही, जेवण सोडून बसायचं नाही. नुसतं ऐकायचं आणि वहीत लिहून आणायचं."

मुलांनो, हीच गोष्ट आपण करत नाही. आपण 'नाही' एवढंच ऐकतो आणि रुसतो. त्या 'नाही'च्या पोटात काय आहे ते कधी विचारतच नाही. चार दिवसांनी तो वही घेऊन आला. वाचली आणि मीच गप्प झाले, कारण आप्पांची बहुतेक कारणं खरी होती!

सगळ्यात वर लिहिलं होतं : 'कुत्रा आणला तर बिबट्या जास्त येईल.'

हे वाचून तुम्हाला हसू येईल. कुत्रा तर राखणीला आणायचा, मग बिबट्या जास्त कसा येईल? पण आमच्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर हे चारही तालुके वनखात्याच्या जुन्नर विभागात येतात, आणि इथल्या उसात बिबट्याच्या माद्या पिल्लं घालतात. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यातच बिबट्या शिरला होता. कामगारांना बाहेर काढावं लागलं, मग वनखात्याच्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून पकडलं. अशा या बिबट्याला सगळ्यात जास्त काय मिळतं खायला? कुत्रं! डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. विष्ठेत राहिलेल्या केसांवरून त्यानं काय खाल्लं ते कळतं. तर त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा फक्त ११ टक्के. आणि गंमत अशी, की त्या भागात शेळ्या होत्या कुत्र्यांच्या सातपट!

असं का झालं असेल? थांबा, लगेच पुढे वाचू नका. जरा विचार करा.

शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात, कुत्री मात्र मोकळी फिरतात. एवढंच त्याचं उत्तर. म्हणजे कुत्रं अंगणात साखळीनं बांधून आपण दार लावून झोपलो, तर आपण राखणदार ठेवला नाही, बिबट्याचं ताट वाढून ठेवलं. आप्पांना हे अभ्यास न वाचताच ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी त्यांचंच एक कुत्रं असं गेलं होतं. साखळी तेवढी राहिली होती. त्यांनी ते मुलाला आजवर कधी सांगितलं नव्हतं. त्यानं नीट विचारलं म्हणून त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं.

हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या झडप घालतो ती गळ्यावर. पण तिकडचे कुत्रे धिप्पाड असतात, आणि एका कळपाला बरेच असतात. आपल्या गावठी कुत्र्यानं बिबट्याशी लढावं असं कुणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. राखणीच्या कुत्र्याचं काम लढायचं नसतंच मुळी. त्याचं काम भुंकायचं. 'कुणीतरी आलंय, उठा!' एवढं त्यानं सांगायचं. पुढचं काम माणसांचं, दिव्याचं आणि भक्कम दाराचं.

तेव्हा वहीत या कारणासमोर आमच्या गड्यानं लिहिलं : 'कुत्र्याच्या आधी पिंजरा.' रात्री कुत्रं आत, शेळ्याही आत, दोघांच्याही डोक्यावर छप्पर. जाळी अशी बारीक, की बिबट्याचा पंजा आत जाणार नाही. जागा घराच्या भिंतीला लागून, उसाच्या बाजूला नाही. आत पूर्ण वाढलेलं कुत्रं उभं राहून सहज वळेल एवढी जागा. आणि कडी बाहेरून पक्की.

आप्पा म्हणाले, "मग रातच्याला शेळ्या आत, कुत्रं बी आत, तर कुत्र्याचा उपेग काय?"

आला का प्रश्न! मला तर उत्तर सुचलं नव्हतं. पण पोरगं रोज शेळ्यांमागे हिंडत असल्यामुळे त्याला ते माहीत होतं. दिवसा चरायला नेताना बांधाबांधानं मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या येतात. हायवेवरच्या ढाब्यांच्या खरकट्यावर त्या पोसलेल्या असतात आणि करडांवर तुटून पडतात. शेळ्या चोरणारी माणसं येतात, टेम्पो घेऊन. विहिरीवरची केबल चोरणारे येतात. आणि आत कोंडलेलं कुत्रंसुद्धा वास आला की भुंकतंच की! चांदी गेली त्या रात्री घरात कुणाला जागच आली नव्हती.

आता दुसरं कारण. ते आईचं होतं : 'आप्पा थर्ड शिफ्टवरून येऊन दिवसा झोपतात. कुत्रं भुंकलं तर झोप कशी होणार?'

बघा, हे कारण तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. हे आपल्याकडचं कारण! भोसरीपासून चाकणपर्यंत घराघरांत कुणी ना कुणी दिवसा झोपतं. मुलाचे आप्पा एका छोट्या वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत. निम्मी जमीन गेली, उरलेल्या निम्मीवर कांदा आणि शेळ्या. रात्रभर डोळ्यांसमोर ठिणग्या, आणि सकाळी घरी येऊन कुत्र्याची भुंकभुंक? नको म्हणतील नाहीतर काय! कुत्रं बांधून ठेवलं, त्याला काही उद्योग नसला, की ते कंटाळून भुंकतं. सकाळी दमवलं की दुपारी मुकाट्यानं पडून राहतं. म्हणजे रोज शाळेआधी त्याला हिंडवून आणायला हवं. पहाटे साडेपाचला उठून. पावसात, थंडीत, परीक्षेतसुद्धा.

"उठशील?" मी विचारलं.

"उठंन की."

"'उठेन' म्हणून आईला पटेल?"

डोकं खाजवून म्हणाला, "न्हाई. ती म्हणते, तू गृहपाठाला उठत न्हाईस."

तेव्हा त्याचं त्यालाच एक सुचलं. यात माझा काहीच वाटा नाही हं. त्यानं ठरवलं, की कुत्रा नसला तरी कुत्र्याचं काम आजपासून सुरू करायचं! दुसऱ्या दिवसापासून पठ्ठ्या पहाटे साडेपाचला उठू लागला. एका जुन्या मातीच्या परळात रोज ताजं पाणी भरायचं. शेताच्या बांधानं एक चक्कर मारायची, हातात रिकामा दोर. परत आल्यावर गोठा झाडायचा. संध्याकाळी परळ घासून पालथा घालायचा. वहीत तारखेपुढे खूण करायची. पहिल्या आठवड्यात वस्तीवरच्या पोरांनी फार चिडवलं. 'कुठं गेलं रं तुझं कुत्रं? दिसत न्हाई!' त्यानं सरळ सांगितलं, 'अजून यायचंय.' नऊ दिवस खूण चुकली. सहा दिवस ताप होता, तीन दिवस आळस. तेही त्यानं वहीत खरं खरं लिहिलं. मला वाटतं, ते तीन 'आळस' वाचूनच आईचा विश्वास बसला असेल.

खर्चाचा हिशेब मी इथे फारसा सांगत नाही, कारण भाव गावागणिक वेगळे. तुम्ही स्वतः दुकानात आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा आणि महिन्याचा आकडा मांडा. बाजरीची भाकरी आणि दूध एवढ्यावर कुत्र्याचं नीट भागत नाही, अंडी, मांस असं काहीतरी लागतंच. मात्र एक गोष्ट आमच्या चाकणकरांनी तर पाठच करावी : कुत्र्याला कांदा आणि लसूण घालायचा नाही! त्यानं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे घरातलं फोडणीचं कालवण, रस्सा, भाजी त्याच्या ताटात ओतणं बंद. शिजवलेल्या कोंबडीची हाडंही नकोत, ती मोडून अणकुचीदार होतात आणि आतड्याला लागतात. चॉकलेटही त्याला विषच. कांद्याचं गाव आणि कांदा न खाणारं कुत्रं, गंमतच आहे की नाही?

पिसाळण्याची भीती मात्र गंमतीची नाही. त्याच्या आईनं ती वहीत दोनदा लिहायला लावली होती. तिच्या माहेरी एक जण कुत्रं चावून दगावला होता. रेबीज हा रोग एकदा का दिसू लागला, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण त्याआधी तो पुरता अडवता येतो, हेही तितकंच खरं. ६ जुलै १८८५ ला लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस द्यायला सुरुवात केली, आणि तो मुलगा वाचला. तुमच्याच वयाचा की! आपल्याकडच्या जुन्या लोकांना 'पोटात चौदा इंजेक्शनं' आठवतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असायची. ती आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता इंजेक्शनं हातावर, दंडात देतात, चार-पाच वेळा, ठरलेल्या दिवशी.

कुत्रं चावलं, नखानं ओरबाडलं, अगदी घरचं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं! हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. घरी ओरडा बसेल म्हणून लपवायचं तर मुळीच नाही. आणि कुत्र्याला? पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तशी पुन्हा, आणि पुढे दरवर्षी. त्याआधी सहा-आठ आठवड्यांपासून पार्वो, डिस्टेंपर या रोगांच्या लशी आणि जंताचं औषध. मुलानं दवाखान्यातून या तारखा लिहून आणल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं गोल करून ठेवले. नसलेल्या कुत्र्याच्या लशीचे गोल! आईनं ते पाहिले, काही बोलली नाही. पण पुसायलाही लावले नाहीत.

इथे मध्येच एक दुःखाची गोष्ट सांगते. आमच्याच शाळेतल्या दुसऱ्या एका मुलानं घरी न विचारता एक पिल्लू दप्तरात घालून आणलं होतं. डोळे नुकते उघडलेलं, आईच्या अंगाखालून उचललेलं. घरच्यांनी ठेवून घेतलं नाही, आणि आता त्याला परत कुठे सोडायचं तेही त्याला कळेना. दुसऱ्या दिवशी ते मेलं. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला वाटलं, गोजिरवाणं पिल्लू पाहून घरचे विरघळतील. तसं करू नका रे! आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनीसुद्धा बंदी आहे. तेवढे दिवस ते आईजवळच हवं. आईचं दूध तर हवंच, पण चावताना किती जोरात चावायचं नसतं, हेही ते आपल्या भावंडांतच शिकतं.

माझी एक भाची आकुर्डीला राहते, आठवीत आहे. तिनं हा सगळा प्रकार ऐकला आणि मला म्हणाली, "मावशी, मीपण वही करते. मला जर्मन शेफर्ड हवाय." दोन खोल्यांचं घर, चौथा मजला, आई-बाबा दोघंही कामाला, घराला दिवसभर कुलूप. तिनं वही अगदी छान केली. महापालिकेचा परवाना काढावा लागतो हेही शोधून लिहिलं. शेवटी 'दिवसभर त्याच्याबरोबर कोण?' या रकान्यात तिला काही लिहिता येईना. पोलिसांकडे एकेका कुत्र्याला स्वतःचा श्वान हस्तक असतो, सकाळ-संध्याकाळ सराव असतो, आणि आपण त्याला चौथ्या मजल्यावर एकटं ठेवणार! भाचीवर माझा फार जीव आहे, पण इथे मी तिच्या आई-बाबांच्या बाजूची. तिनं वही फाडली नाही. खाली फक्त एवढंच लिहिलंय : 'सध्या नाही.'

दिवाळीनंतर आमच्या गड्याच्या शेतात बाजरी निघाली आणि वावर मोकळं झालं. तिथे धनगरांचा वाडा उतरला. तुम्ही पाहिला असेल, दोन-तीनशे मेंढ्या, घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, लहान मुलं, आणि कुत्री. रात्री मेंढ्या वावरात बसवतात, म्हणजे शेताला लेंडीखत मिळतं. पोरगं दोन दिवस तिथेच पडीक. त्यानं पाहिलं, की धनगराची कुत्री मेंढ्यांच्या आगेमागे चालतात, पण मेंढीच्या अंगावर कधी जात नाहीत. त्यानं विचारलं, "मामा, यांना शिकवता कसं?" म्हातारे धनगरमामा म्हणाले, "शिकवायचं कशाला? पिल्लू मेंढरातच वाढतं. त्याला वाटतं, आपुन बी मेंढरूच!"

मामांनी थट्टेत सांगितलं, पण गोष्ट खरी आहे. साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लू ज्यांच्यात राहतं, ते त्याला आपले वाटतात. आफ्रिकेतल्या नामिबियात १९९४ पासून एक संस्था शेतकऱ्यांना अनातोलियन जातीचे राखणीचे कुत्रे देत आली आहे. चित्त्यांनी शेळ्या मारू नयेत आणि शेतकऱ्यांनी चित्त्यांना मारू नये म्हणून! तिथेही पिल्लं लहानपणीच शेळ्यांच्या कळपात ठेवतात. अर्थात पिल्लू ते पिल्लूच. खेळता खेळता करडाचे कान ओढतं, शेपटी धरतं. तेव्हा त्याला लगेच बाजूला घ्यायचं. मारायचं नाही. 'सोड' म्हणायचं, आणि सोडलं की भाकरीचा तुकडा द्यायचा. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत कळपात एकटं सोडायचं नाही. थोडक्यात, दोन वर्षं त्याची शाळा चालणार आणि मास्तर तुम्ही!

आणखी एक सांगून ठेवते. कुणी कारवान जातीचं चपळ पिल्लू दाखवून 'सशामागं सोड, बघ कसं पळतं' असं म्हणालं, तर कानावर हात ठेवा. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

वाडा उठायच्या आदल्या रात्री घरात पुन्हा विषय निघाला. मामांची एक कुत्री गाभण होती. एक पिल्लू देतो म्हणाले होते. आप्पा गप्पच. तेव्हा आजी बोलली. सहा महिन्यांत ती या विषयावर चकार शब्द बोलली नव्हती. सोवळं-ओवळं पाळणारी म्हणून तिला कुणी विचारलंही नव्हतं. ती म्हणाली, "निमगावला खंडोबाच्या पाया पडता तवा कुत्र्याच्या बी पाया पडता. त्येला देवाच्या दारात चालतं, आन् तुमच्या दारात न्हाई व्हय?"

आप्पा तरी 'हो' म्हणाले नाहीत. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते भंगारवाल्याकडे गेले आणि जाळीचे तुकडे, अँगल आणि दोन पत्रे विकत घेऊन आले. दिवसभर अंगणात वेल्डिंग चाललं होतं. मुलानं मला शाळेत सांगितलं, "बाई, पिंजऱ्याचं दार आप्पांनी दोन कड्यांचं केलंय." मी म्हटलं, "मग 'हो' म्हणाले का?" तर म्हणाला, "न्हाई. पण जाळीतून हात जातोय का, ते मला घालून बघाया लावलं." त्याच जाळीनं आप्पांनी गोठ्याच्या वरची मोकळी बाजूही बंद केली. कुत्रा यायच्या आधीच शेळ्या सुरक्षित झाल्या, ते एक बरंच झालं. तुमच्या वस्तीवर बिबट्या दिसला किंवा जनावर नेलं, तर वनखात्याला ताबडतोब कळवा, १९२६ हा त्यांचा फोन नंबर आहे. पंचनामा झाला तर भरपाई मिळते. चांदीच्या वेळी हे कुणी केलंच नव्हतं.

पिल्लू आलं माघात. तांबूस रंगाचं, एक कान पडलेला. धनगरमामांनी मोजून नऊ आठवड्यांनी आणून दिलं. नाव ठेवलंय 'शेरू', दुसरं काय ठेवणार! परळ तोच, दोर तोच. लाल गोल एकेक करून पार पडले. मी दोनदा पाहून आले, लांबूनच!

यंदा गणपतीच्या आधी, म्हणजे शेरू आठ-नऊ महिन्यांचा असताना, एका दुपारी आप्पा थर्ड शिफ्ट करून झोपले होते. शेरू गोठ्यापाशी उभा राहून भुंकायला लागला. थांबेचना. आई घाबरून बाहेर धावली, पोरगं शेरूला गप्प करायला गेलं. आणि मागून आप्पा उठून आले, डोळे लाल, केस पिंजारलेले. पोराला वाटलं, संपलं आता!

आप्पा म्हणाले, "त्येला कशाला गप करतुयास? आधी बघ की, काय दिसलंय त्येला."

गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला तीन मोकाट कुत्री उभी होती. आणि गंजीजवळ, दोन दिवसांपूर्वी जन्मलेली दोन करडं उन्हाला सोडलेली होती.